विमान परत गेलं, पायलट इथेच राहिला: नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री
आणि
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या दारात एक मोटरसायकल येऊन थांबली. पुढे वडील, मागे मुलगी. मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी आहे. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बारावीची मार्कलिस्ट आणि एका फ्लाइंग स्कूलचं माहितीपत्रक. तामगावच्या बाजूला एक पायलट मुलगी राहते, तिला विचारा, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. चहा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, देशाला तीस हजार पायलट लागणार म्हणत्यात. पोरगी हुशार हाय, फिजिक्सला चौऱ्याण्णव हाईत. गावाकडं दीड एकर हाय. ती इकायची का नको, तेवढं सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आपल्याला लिहिते आहे.

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. 'होते' असं लिहायला हात वळत नाही, कारण लायसन्स अजून माझ्या नावावर आहे. माझ्या लॉगबुकात १२१२ तासांची नोंद आहे. शेवटची ओळ चौदा महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी आम्ही चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं केली होती, शेवटचं लँडिंग माझं होतं आणि कॅप्टनसाहेबांनी पार्किंग ब्रेक लावताना "छान" एवढंच म्हटलं होतं. ते माझं त्या कंपनीतलं शेवटचं उड्डाण आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एकतर माझं भांडण एका कंपनीशी नाही आणि दुसरं म्हणजे मी अजून नोकरीसाठी अर्ज करते आहे.

ताफा कमी होणं ही बाहेरून एका दिवसाची बातमी असते. आतून ते कित्येक महिने चालतं आणि सगळ्यात आधी ते रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर दिसतं. महिन्याला सत्तर तास उडणारी मी, ते पन्नासवर आले, मग बत्तीस, मग अठरा. उड्डाणांच्या जागी 'स्टँडबाय' यायला लागलं. युनिफॉर्म इस्त्री करून, केस बांधून, बॅग दाराशी ठेवून भाड्याच्या खोलीत बसायचं आणि फोन वाजायचा नाही. पायलटच्या पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. त्यामुळे नोकरी जायच्या कितीतरी आधी पगार निम्म्यावर आलेला असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, अजून कामावर आहे म्हणजे ठीक चाललं असेल.

मग एक दिवस ॲप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवरून चालताना एक विमान दिसलं. आदल्याच आठवड्यात मी ते उडवलं होतं. आता त्याच्या डाव्या पंखाखाली इंजिन नव्हतं. इंजिन ज्याला लटकतं तो पायलॉन नुसता उघडा, वायरी आणि नळ्यांची तोंडं पिवळ्या टोप्यांनी बंद केलेली, कॉकपिटच्या काचांना आतून चंदेरी पत्रे लावलेले. दुसरं विमान चालू राहावं म्हणून याचं इंजिन तिकडे नेलं होतं. तिथला एक टेक्निशियन माझ्याकडे बघून काही न बोलता मान हलवून गेला. महिन्याभरात अशी तीन विमानं एका रांगेत उभी होती. पुढे भाड्याने देणाऱ्यांची माणसं आली, कागद तपासले आणि विमानं रंग बदलून दुसऱ्या देशात गेली.

हिशेब साधा आहे. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारखं एक विमान दिवसभर फिरतं ठेवायचं तर सुट्ट्या, विश्रांती, ट्रेनिंग, आजारपण धरून दहा-बारा पायलट लागतात. म्हणजे एक विमान परत गेलं की दहा-बारा घरांच्या चुलीवर परिणाम होतो. केबिन क्रू, इंजिनिअर, ग्राउंड स्टाफ वेगळे. गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्या नावावर ५४ विमानं होती. जवळजवळ निम्मी प्रॅट अँड व्हिटनीच्या बिघडलेल्या इंजिनांमुळे आधीच जमिनीवर होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. ५४ ला दहाने गुणा, बाराने गुणा. त्याआधी १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. एके काळी शंभराहून जास्त विमानं असलेली ती कंपनी. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर. दर वेळी वाटलं, हे एकदाच घडलं, पुन्हा घडणार नाही.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. उजळाईवाडीचा हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये उभा केला. मधली अनेक वर्षं इथे प्रवासी विमान नव्हतं. एप्रिल २०१८ मध्ये उडान योजनेखाली एअर डेक्कनचं अठरा आसनी विमान मुंबईहून आलं, तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं कुंपणापर्यंत धावली होती. २०२० मध्ये कोरोना आला आणि ती कंपनी थांबली. पुढे ट्रूजेटही बंद पडली. आज आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली नवी टर्मिनल इमारत आहे, आमच्याच जिल्ह्यातल्या उद्योगसमूहाची स्टार एअर आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण तिची विमानं एम्ब्रेअरची. एअरबसचं रेटिंग असलेला पायलट उद्या एम्ब्रेअरच्या कॉकपिटमध्ये बसू शकत नाही. बोइंगवाला एअरबसमध्ये बसू शकत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं आणि ते बहुतेकदा ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करायचं असतं. माझ्या रेटिंगला अठरा लाख लागले. त्याआधी कमर्शियल लायसन्सला बावन्न. सगळा पैसा भरूनही फ्लाइंग स्कूलमध्ये दोनशे तास पूर्ण व्हायला मला अडीच वर्षं लागली. कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी पावसाळा.

हे पैसे कुठून आले? आमचा तीन एकर ऊस आहे. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला, वडिलांनी सही केली आणि घरी येताना पेढे आणले. आजही कारखान्याचं ऊसबिल खात्यावर जमा झालं की दुसऱ्या दिवशी त्यातला मोठा भाग हप्त्याला जातो. वडील मला काही बोलत नाहीत. पण दुपारचं विमान शेतावरून उतरायला लागलं की ते खुरपं थांबवून वर बघत नाहीत हल्ली. आधी बघायचे.

आता मूळ मुद्द्याला येते.

गो फर्स्ट बंद पडली तेव्हा विमानांचे मालक अडकले. दिवाळखोरीच्या कायद्याखाली स्थगिती लागली आणि त्यांना स्वतःचीच विमानं नेता येईनात. हे अन्यायाचं होतं. आपल्या सरकारने ३ ऑक्टोबर २०२३ ला अधिसूचना काढली आणि विमानं त्या स्थगितीतून वगळली. म्हणजे घटना घडल्यापासून पाच महिन्यांत. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, मालकांना ती विमानं नेता यावीत म्हणून, त्यांची नोंदणी रद्द करायला महासंचालनालयाला कामकाजाचे पाच दिवस दिले आणि ते काम झालं. २०२५ मध्ये संसदेने विमानांतल्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. यातलं काहीही चूक आहे असं मी म्हणत नाही. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर तो भाडं चढं लावणार आणि ते शेवटी तिकिटावरच येणार. कायदा व्हायलाच हवा होता.

माझं म्हणणं इतकंच की त्याच घटनेत, त्याच दिवशी, त्याच कॉकपिटमधून जो माणूस खाली उतरला, त्याच्यासाठी पाच महिन्यांत काय झालं? त्यानंतर तरी काय झालं? विमानाचं नुकसान होऊ नये म्हणून कायदा आला. पायलटच्या लायसन्सचं नुकसान होऊ नये म्हणून एक परिपत्रकसुद्धा नाही. थकलेल्या पगाराचं विचाराल तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ च्या क्रमवारीत कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या मागे उभा आहे. पायलटला 'कामगार' म्हणायचं की नाही यावरच कोर्टात वर्षं जातात. मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत भांड्यात काय उरतं, ते सांगायला नको.

आणि लायसन्स ही ठेवून दिलेली वस्तू नाही, हे आपल्याइतकं दुसरं कोण जाणतं? नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर मी प्रवासी घेऊन उडू शकत नाही. हा नियम योग्यच आहे. मी स्वतः अशा विमानात माझ्या आईला बसवणार नाही, जिथला पायलट वर्षभर उडालेला नाही. पण याचा अर्थ असा की विमान परत गेल्यापासून नव्वदाव्या दिवशी मी कागदोपत्री पायलट राहते आणि प्रत्यक्षात राहत नाही. पुढे सिम्युलेटरवरची तपासणी उलटून जाते. दरवर्षीचं मेडिकल मात्र करावंच लागतं, स्वतःच्या पैशाने, नाहीतर परत शिरायचं दारच बंद. सगळं पुन्हा ताजं करायचं तर खर्च लाखांत. कोल्हापुरातून सिम्युलेटर गाठायचा म्हणजे हैदराबाद, बंगळूर नाहीतर दिल्ली. मुक्काम, जेवण आणि सोबत बसायला दुसरा पायलट, तोही आपणच शोधायचा. नवी कंपनी मुलाखतीला बोलावते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "शेवटचं कधी उडालात?" चौदा महिने म्हटलं की समोरचा माणूस फाइल मिटतो. मी वाईट उडवते म्हणून नाही. मला ताजं करण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीतला उडता पायलट ओढून आणणं त्यांना स्वस्त पडतं.

उलट बाजूने बघा. पायलटला नोकरी सोडायची असेल तर महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष आधी नोटीस द्यायची. कारण दिलं गेलं ते असं की पायलट अचानक गेले तर उड्डाणं रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात. मान्य. पण मग आमच्या शेवटच्या महिन्यांत रोस्टर अठरा तासांवर आलं होतं, पगार दोन महिने थकला होता आणि तरीही माझे दोन सहकारी सहा महिन्यांच्या नोटिशीत अडकून बसले होते. दुसरीकडे मिळालेली नोकरी त्यांच्या हातातोंडाशी आली आणि गेली. त्यांची नोटीस संपायच्या आत कंपनीची विमानंच संपली. सुटका मिळायला हवी होती त्यांना, पण ती मागायची कुणाकडे? सही करणारा साहेब आधीच राजीनामा देऊन गेला होता.

सही हा शब्द आला म्हणून सांगते. उडालेल्या तासांवर आणि ट्रेनिंगच्या नोंदींवर कंपनीच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते. कंपनी डबघाईला आली की ट्रेनिंग विभागात फोन उचलायला माणूस नसतो. माझ्या शेवटच्या एकशे चाळीस तासांच्या नोंदी मान्य व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत दोन ठिकाणी भरती निघाली आणि संपली. कॅप्टनच्या लायसन्ससाठी १५०० तास लागतात. मला २८८ कमी आहेत. चांगल्या रोस्टरवर हे चार महिन्यांहून थोडं जास्त काम आहे.

तिकडे २०२५ च्या डिसेंबरात टीव्हीवर मी विमानतळांवरची गर्दी बघत होते. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली आणि इंडिगोच्या रोस्टरला पायलट पुरेनात. हजारो उड्डाणं रद्द झाली. वडिलांनी विचारलं, "पायलट कमी पडल्यात म्हणत्यात, आणि तू घरात कशी?" त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. कमी पडतात ते प्रामुख्याने कॅप्टन. कॅप्टन बनतो तो फर्स्ट ऑफिसर वर्षानुवर्षं उडत राहिला तर. एक कंपनी बुडते तेव्हा असे अर्धे तयार झालेले शेकडो कॅप्टन वाटेत थांबतात. पाच वर्षांनी जो तुटवडा दिसतो, त्याची सुरुवात अशा रिकाम्या रोस्टरमध्ये असते. आणि तुटवडा भरायला काय होतं? परदेशी विमान डॅम्प लीजवर येतं, म्हणजे विमान त्यांचं, देखभाल त्यांची आणि पायलटही त्यांचे. आकाशात विमानांची संख्या वाढलेली दिसते, पण आमच्यासाठी त्यात एकही खुर्ची नसते.

आता त्या तीस हजारांबद्दल. हा आकडा आपल्या मंत्रालयाकडूनच आला आहे आणि तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी आहे. सेमिनारमध्ये वर्षं गाळली जातात, आकडा तेवढा राहतो. २०२२ मध्ये महासंचालनालयाने ११६५ कमर्शियल लायसन्स दिली, २०२३ मध्ये १६२२. त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली आणि मधल्या मे महिन्यात गो फर्स्टची ५४ जमिनीवर आली. ऑर्डर केलेलं विमान दहा वर्षांत केव्हातरी येतं. परत गेलेलं विमान आजच गेलेलं असतं. गिरणीवाल्या काकांना कुणी ४७० आणि ५०० सांगितले, ५४ कुणी सांगितले नाहीत.

मी मागते आहे ते नवीन नाही. विमान भाड्याने देणारा मालक विमान कंपनीकडून अनामत घेतो आणि इंजिन-देखभालीसाठी दर महिन्याला वेगळे पैसे बाजूला ठेवून घेतो. का? कंपनी बुडाली तरी त्याचं यंत्र पुन्हा उडण्याजोगं राहावं म्हणून. मग कंपनीने परवाना घेताना, ताफा वाढवताना, प्रत्येक पायलटमागे तशीच रक्कम महासंचालनालयाच्या ताब्यात का ठेवू नये? विमानं ठरावीक प्रमाणाबाहेर कमी झाली की त्या निधीतून त्या कंपनीच्या पायलटांना वर्षभर सिम्युलेटर, तपासणी आणि मेडिकल मिळावं. एवढंच. पगार मागत नाही, लायसन्स जिवंत ठेवायला मागते आहे. विमानाची किंमत आणि भाडं बघता ही रक्कम कंपनीला जाणवणारही नाही. बारा पायलटांच्या सिम्युलेटरचा खर्च एका इंजिनच्या ओव्हरहॉलच्या पासंगालाही पुरणार नाही.

त्याच्या जोडीला, विमानांची नोंदणी रद्द व्हायला लागली की पायलटांच्या तासांच्या आणि ट्रेनिंगच्या नोंदी महासंचालनालयाने स्वतःकडे घेऊन स्वतः मान्य कराव्यात. विमानाला कामकाजाचे पाच दिवस पुरले, आम्हाला पंधरा द्या. पगार थकला किंवा ताफा निम्म्यावर आला की नोटिशीची अट आपोआप गळून पडावी, कुणाच्या सहीसाठी थांबावं लागू नये. डॅम्प लीजला परवानगी देताना कंपनीला विचारावं की त्या जातीच्या विमानाचं रेटिंग असलेले बेकार भारतीय पायलट घेण्याचा तुम्ही आधी प्रयत्न केला का. आणि दर वर्षी एक पान छापावं: यंदा किती कमर्शियल लायसन्स दिली, किती नवे फर्स्ट ऑफिसर कामावर लागले, टाइप रेटिंग असून किती घरी बसले. हे आकडे वेगवेगळ्या टेबलांवर आपल्या कार्यालयात आहेतच. ते एका पानावर मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये निघाले तर दीड एकर विकायची की नाही हे ठरवायला एखाद्या बापाला तामगावपर्यंत यावं लागणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मला कुणाचीही मुलगी या धंद्यापासून तोडायची नाही. धावपट्टी मागे पडते, नाक वर उचलतं आणि ढगांच्या वर सकाळचं ऊन एकदम कॉकपिटमध्ये येतं, ते ज्याने पाहिलं त्याला मी काय बोलते ते कळेल. भारतात पायलट असलेल्या बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे. त्यातल्या कितीजणी लहान गावांतून, घराच्या तारणावर आल्या आहेत, हे मी क्रू रूममध्ये बसून ऐकलं आहे. त्यांना घाबरवून घरी बसवणं हे उत्तर नाही.

गिरणीवाल्या काकांना मी "विचार करून सांगते" म्हटलं. मुलगी जाता जाता दारातून वळली आणि म्हणाली, "ताई, तुमचं लॉगबुक बघू?" मी दाखवलं. ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली: तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती तास, टेकऑफ, लँडिंग. शेवटच्या ओळीशी थांबली, पुढची कोरी पानं चाळली आणि काही न विचारता वही मिटून माझ्या हातात दिली.

ती दोघं येत्या रविवारी परत येणार आहेत. त्यांना मी काय सांगू, हे आपण कळवावं.

आपली विश्वासू,
एक फर्स्ट ऑफिसर
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर